परवानगीची पायवाट

विदरडेनमध्ये जे जे मेलं, त्याची पाटी घरावर लागते. लोहार गेला तर 'ओल्ड फोर्ज', भट्टी विझली तर 'ओल्ड बेकरी', शाळा बंद पडली तर 'ओल्ड स्कूल'. आत राहणारे सकाळच्या सहा बावन्नच्या गाडीने लंडनला जातात आणि झोपायला परत येतात. गाव कसलं, उशी आहे ती!

डोरीन सॅकेट मात्र जन्मापासून तिथलीच. वय एक्क्याऐंशी. एके काळी शेतमजुरांसाठी बांधलेल्या चार घरांतल्या शेवटच्या घरात ती एकटी राहायची. नवरा लेन सहा वर्षांपूर्वी गेला आणि त्याला चर्चच्या आवारात पुरलं. रोज दुपारी ती शेतातल्या पायवाटेने त्याच्याकडे जायची. दहा मिनिटांचा रस्ता. दुसरी वाट म्हणजे डांबरी सडक. कडेला पाय ठेवायला वीतभर जागा नाही, दोन्हीकडे दाट कुंपण, आणि स्टेशन गाठायला सुसाट सुटलेल्या मोटारी. तिथे चालणं म्हणजे जिवाशी खेळ. बस तर कधीच बंद झाली होती.

शेत पिअर्स हॅलमचं. लंडनमध्ये मोठ्या हुद्द्यावरचा, पण माणूस वाईट नव्हता. त्याने शेत विकायला काढलं आणि घेणाऱ्याला मधोमध वाट नको होती. वाट कुठल्याच नकाशात नव्हती, मग अडचण कसली?

शेजारचा गॉर्डन ब्लिस, निवृत्त पोस्टमन, पेटून उठला. "कोणाला न विचारता लोक वीस वर्षं चालले, की ती वाट सगळ्यांची होते. कायदाच आहे! डोरीन, तू तर जन्मभर चालतेयस. तुझी साक्ष म्हणजे हुकमाचा एक्का."

वाट सगळ्यांची ठरवा, असा अर्ज सरकारकडे करून तो सह्यांसाठी दारोदार फिरला. नवे लोक गोड हसून म्हणाले, "अरे वा, इथे वाट आहे? आम्हाला माहीतच नव्हतं." म्हणजे सगळी भिस्त डोरीनवरच.

चौकशी गावच्या सभागृहात झाली. सरकारी बाई समोर बसल्या. डोरीनने ठणठणीत साक्ष दिली. मग पिअर्स उठला, चेहरा कसनुसा करून.

"मिसेस सॅकेट, मला खरंच हे करायचं नव्हतं हो. पण वकील म्हणाले, दाखवायलाच हवं."

त्याच्या हातात नाताळच्या कार्डांचा गठ्ठा होता. बाईंनी वरचं वाचलं. 'यंदाही शेतातून जाऊ दिल्याबद्दल चारही घरांतर्फे आभार. पुढच्या वर्षीही परवानगी असावी. सोबत जॅम.'

"असं दर वर्षी लिहायचात?"

"हो तर! आणि मि. हॅलमचं उत्तर यायचं, अवश्य, आनंदाने. फार मोठ्या मनाचे आहेत."

"यांच्या आधीच्या मालकांनाही?"

"रेल्फसाहेबांना? त्यांनाही. त्याआधी आई जाऊन तोंडी विचारायची."

"अगं बये, गप्प बस," गॉर्डन पुटपुटला.

बाईंनाच दया आली. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पण मनात तरी वाटायचं ना, की या वाटेवर तुमचा हक्क आहे?"

गॉर्डन खुर्चीत पुढे सरकला. एका 'हो'ने अजून निभावेल, असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं.

"छे हो!" डोरीन म्हणाली. "हक्क कसला? दुसऱ्याचं शेत ते."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मालकाला उलटून बोललं की मजुराचं घरही जायचं, असल्या दिवसांत तिची आई वाढली होती. विचारायचं, आभार मानायचे, मान खाली घालून जायचं, एवढंच लेकीला मिळालं.

बाहेर येताच गॉर्डन कडाडला. "हात दाखवून अवलक्षण! जन्मभर चाललीस आणि जन्मभर फुकटचे पाय धरलेस!"

डोरीनला रडू फुटलं. "विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतातून जायचं कसं रे? मला कोणी शिकवलंच नाही."

सहा आठवड्यांनी निकाल आला, आणि पाठोपाठ छातीएवढं कुंपण. डोरीनने एकदा सडकेने जाऊन पाहिलं. पहिल्याच वळणावर मोटारीचा आरसा तिच्या कोपराला घासून गेला, लेनसाठी नेलेली फुलं चाकाखाली गेली. मोटारवाला न थांबता "सॉरी" ओरडला. ती तिथूनच परत फिरली.

संध्याकाळी गॉर्डन आला. त्याचा राग केव्हाच उतरला होता. दृष्टी अधू झाल्यामुळे त्याने स्वतःची मोटार दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली होती, नाहीतर तोच तिला घेऊन गेला असता. त्याने तिच्या कोपरावरचा काळानिळा डाग बघितला.

"नेईल गं कोणीतरी मोटारीतून," तो म्हणाला.

"नेतील ना," डोरीन म्हणाली. "लेनच्या शेजारची जागा माझ्यासाठीच ठेवलीय. याच सडकेने नेतील, अगदी सावकाश. आणि त्या दिवशी मागच्या सगळ्या मोटारी निमूट हळू चालतील बघ."