घटाची माती

नदीने रान नेलं, त्यालाही आता बरेच दिवस झाले होते, पण मनकर्णाबाईच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. गावातल्या बाया येऊन गळ्यात पडून रडून गेल्या. तलाठी फोटो काढून गेला. वाळूजच्या कंपनीत असलेला मुलगा, सत्यम, डोक्याला हात लावून बसला आणि रजा संपल्यावर ड्युटीवर गेला. मनकर्णाबाई साऱ्यांना चहा करत राहिली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! आत काही हलतच नव्हतं, एवढंच.

पीक जाणं तिला नवं नव्हतं. कधी पावसाने ओढ दिली, कधी बोंडअळीने खाल्लं, कधी काढणीला गारा आल्या. पीक गेलं तरी खाली रान असतं, पुढच्या साली पुन्हा पेरता येतं. यंदा पितरपाटात शिवना नदीला आलेल्या पुराने मात्र कपाशी नेली आणि कपाशीखालची मातीही नेली. पाणी उतरल्यावर मुरूम उघडा पडलेला आणि त्यात टोपल्याएवढाले दगड. तिचा नवरा पुंजाराम बांधावर उभा राहून कितीतरी वेळ बघत होता, चुकून दुसऱ्याच्याच रानात आल्यासारखा. मग घरी येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा.

सत्यम जाताना म्हणाला होता, "दादा, दसरा झाला की तुमी दोघं वाळूजला चला. आमच्या कंपनीत वॉचमनचं बघतो तुमच्यासाठी."

"बरं," पुंजाराम म्हणाला.

ते 'बरं'च मनकर्णाबाईला खटकलं. लग्न झाल्यापासून या माणसाने वाद घातल्याशिवाय कुठल्या गोष्टीला होकार दिला नव्हता. साधी लासूरच्या बाजाराची पिशवी हातात दिली, तरी ही नको, ती दे, म्हणायचा.

अमावस्येला ती म्हणाली, "उद्या घट बसवायचाय."

"कशात?" पुंजाराम भिंतीला म्हणाला. "माती हाय का आपल्याला? यंदा राहू दे."

"मग दसऱ्याला टोपीत काय खोवताल?"

"नाय खोवायचं."

आता हे ऐकायला साधं वाटतं, पण घटातलं धान टोपीत खोवल्याशिवाय पुंजाराम कधी दसऱ्याला घराबाहेर पडला नव्हता. पिवळ्या कोंबांचा तुरा लावून तो गावभर ऐटीत हिंडायचा, थोरामोठ्यांच्या पाया पडायचा, सोनं वाटायचा. एरवी साधा माणूस, पण त्या दिवशी त्याचा रुबाब बघवत नसे. बिनतुऱ्याच्या टोपीने हा माणूस वाळूजला गेला, तर शेतकरी म्हणून परत यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला बाकी काही नको होतं. दसऱ्याला त्याच्या टोपीत तुरा दिसला पाहिजे, बस्स.

घटाच्या मातीचा त्यांच्या घरचा नेम कडक. माती आपल्याच रानातली हवी, घरच्या बाईने ती डोक्यावरून आणायची आणि दसऱ्याला जिथली तिथे नेऊन टाकायची. जाऊ म्हणाली, माझ्या रानातली ने. मनकर्णाबाईने नकारार्थी मान हलवली. परक्याच्या मातीत बसवलेला घट दुसऱ्याच्या घरी लक्ष्मी नेतो, असं सासू सांगायची. सासू जाऊन वर्षं लोटली, पण तिचे नेम अजून घरात ठाण मांडून होते.

आणि माती काही हवेत विरली नव्हती. खालच्या अंगाला नदी वळते तिथे पाणी तुंबलं होतं आणि वरच्या रानाची माती तिथेच बसली होती, कडूबाईच्या सोयाबीनवर. गावाला ते माहीत होतं, मनकर्णाबाईलाही होतं. कडूबाईचं घर बौद्ध. रानाला रान लागून, त्यामुळे दोघी बांधावर बसून जगाच्या गप्पा मारायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या, एकमेकींच्या पाठीला लागलेल्या कुसळ्या काढायच्या. पण कडूबाईच्या विहिरीचं पाणी मनकर्णाबाईच्या घरातलं कुणी कधी प्यायलं नव्हतं. घशाला कोरड पडली तरी ती उन्हातून घर गाठायची. कडूबाई त्यावर कधी बोलली नाही. म्हणजे तिला कळत नव्हतं असं नाही.

मनकर्णाबाई पाटी घेऊन गेली तेव्हा कडूबाई फावड्याने गाळ ओढत होती. खालून काळी पडलेली सोयाबीनची झाडं निघत होती, शेंगा कुजलेल्या.

"घटाला माती पायजे व्हती," मनकर्णाबाई म्हणाली.

कडूबाईने फावडं टेकलं. "माझ्या रानातून पाणी नाय चाललं तुमाला इतकी वर्सं. माती चालती?"

मनकर्णाबाईला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं. ती नुसती म्हणाली, "माझीच हाय ती."

"व्हय? मग घ्या निवडून. तुमची तुमी न्या, माझी मला ठेवा."

मनकर्णाबाई खरंच खाली बसली आणि गाळात हात घातला. जन्मभर खुरपलेली माती, ती बोटांना ओळखू येईल अशी तिची समजूत होती. पण काळीत काळी मिसळली होती. एक हिरवी काच हाताला लागली, खुरपताना फुटलेल्या बांगडीची. "ही बघ, माझी."

"हिरव्या बांगड्या मीबी भरते, आक्का."

मग कडूबाईनेच फावड्याने तिची पाटी भरली आणि पाटीला हात लावून डोक्यावर चढवून दिली. "न्या. समदीच नेली तरी चालंल. माझं पीक मेलं तिच्याखाली."

घरी मनकर्णाबाईने एक खोटं तयार ठेवलं होतं, बांधाच्या कडेला वीतभर माती राहिली होती म्हणून. पुंजारामने विचारलंच नाही. तिने पत्रावळीवर माती पसरली, गहू पेरले, मधोमध घट ठेवला, दिवा लावला. रोज एक माळ चढत गेली. घट झिरपत होता, माती ओली होत होती. खाटेवरचा माणूस आणि ती, दोघं एकाच खोलीत आपापला चहा पीत होते.

गव्हाचे कोंब वर आले आणि त्यांच्यामध्ये एक जाड, वाकड्या मानेचा कोंब उगवला. दुसऱ्या दिवशी त्याने डोकं वर काढलं आणि दोन पानं उघडली. चहाची कपबशी हातात घेऊन पुंजाराम त्याच्याकडे बघत राहिला.

"सोयाबीन हाय हे."

मनकर्णाबाईने घटावरची माळ सारखी केली.

"आपली कपाशी व्हती." त्याने कपबशी खाली ठेवली. "कडूबाईच्या रानातून आणली व्हय माती?"

"आपलीच हाय. तिथं जाऊन पडलीय."

"तिच्या रानातून आणली."

"आणली."

तिला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेईल, पत्रावळ उचलून अंगणात भिरकावेल. खरं तर तसं व्हावं असंच तिला वाटत होतं, निदान घरात आवाज तरी झाला असता. पण तो पुन्हा भिंतीकडे वळला. त्या क्षणी तिने आशा सोडली. वाळूजला न्यायची भांडी कोणती, हे ती मनातल्या मनात ठरवू लागली.

मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तेल घालायला गेली तर दिवा हलवलेला. घटाचा दिवा कुणी हलवत नाही. पण सोयाबीनचं एक पान वाढत ज्योतीकडे झुकलं होतं, आणि दिवा त्या पानापासून हातभर दूर सरकवून ठेवला होता. घरात माणसं दोनच. तिने तेल घातलं आणि काही विचारलं नाही.

दसऱ्याला आरती झाली. तिने गव्हाचं धान खुडलं आणि टोपीशेजारी ताटात ठेवलं. पुंजारामने टोपी उचलली, झटकली आणि तशीच डोक्यावर घातली. धान ताटातच राहिलं. मनकर्णाबाईला वाटलं, संपलं.

मग त्याने मातीची पत्रावळ उचलली. खरं तर ते बाईचं काम. "माती जिथली तिथं द्यावी लागती ना?" असं म्हणून तो चालायला लागला. धान मुठीत धरून ती मागोमाग निघाली.

कडूबाई शहरातून नुकतीच परतली होती. दसऱ्याला तिच्या वस्तीतली माणसं जीप करून लेण्यांच्या पायथ्याशी बुद्धवंदनेला जातात. रानाजवळ गाडीतून उतरून ती पांढऱ्या साडीतच बांधावर उभी होती. पुंजारामने पत्रावळ तिच्या रानात टेकवली, माती ओतली आणि सोयाबीनचं रोप तेवढं वेगळं काढून हाताने खड्डा करून लावलं. भोवतालची माती दाबली.

"ते माझ्यातलं दिसतंय," कडूबाई म्हणाली.

"तुझंच हाय."

"एवढं एकच जगलं."

पुंजाराम तसाच उकिडवा बसला होता. हाताची माती त्याने झटकली नाही, बोटांनी चोळत राहिला. मग घसा खाकरला. "कडूबाई, पाणी हाय का गं प्यायला?"

कडूबाईने आधी मनकर्णाबाईकडे पाहिलं, मग विहिरीकडे. "हीर बुजली दादा, तुमच्याच मातीनं. पाणी घरी हाय. येता का घरी?"

घरी म्हणजे वस्तीत. दसऱ्याच्या संध्याकाळी, गाव सोनं वाटत रस्त्यावर असताना, साऱ्यांच्या देखत कडूबाईच्या ओट्यावर बसायचं. पुंजाराम गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने टोपी काढली. तिला वाटलं घाम पुसतोय. पण त्याने टोपी तिच्यापुढे धरली.

"खोव," तो म्हणाला. "सणासुदीला कुणाच्या घरी असं मोकळ्या टोपीनं जावं का?"

मुठीतलं धान पार कोमेजलं होतं. ती खोवायला गेली, पण टोपीची घडीच सापडेना. डोळ्यांपुढचं सगळं धुरकट झालं होतं, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं पाणी तिच्या हातावर, टोपीवर, कडूबाईच्या रानातल्या मातीवर टपटपा पडायला लागलं.

"नीट खोव की. वाकडा बसंल तुरा," पुंजाराम कुरकुरला. "एक काम धड करशील तर शपथ."

कडूबाई पुढे निघाली होती, पण सावकाश चालत होती.