धुक्यात अडकलेला थवा

घुबड जिना चढताना दिसलं, की टेकडीवरच्या नियंत्रण कक्षातल्या गप्पा बंद व्हायच्या. घुबड म्हणजे पलीकडच्या देशानं पाठवलेले निरीक्षक. गोल चष्मा, गळ्यात दुर्बीण, आणि मान अशी वळायची की पाठीमागे कोण हसतंय तेही त्यांना दिसावं. नाव कक्षातल्या फिटरनं ठेवलेलं. निरीक्षकांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा राग येत नसे. घुबड झालं तरी पक्षीच की!

राग होता तो त्या पवनचक्क्यांचा. खालचं गाव त्यांच्यावर चालायचं. सरहद्दीपलीकडून येणारे करकोचे थंडीच्या तोंडाला याच खिंडीतून दक्षिणेला जात, आणि गेल्या वर्षी निरीक्षकांनी चक्क्यांखालून तीन मेलेले करकोचे स्वतःच्या हातांनी उचलले होते. एकाचा पंख खांद्यापासून निखळला होता. पोत्यात घालून ते त्यांनी दोन्ही देशांच्या आयोगापुढे नेऊन ठेवले. आपल्या हद्दीत आपण काहीही उभारावं, पण त्यानं शेजाऱ्याच्या पाण्याला, हवेला, पाखरांना इजा होता कामा नये, असा दोन्ही देशांचा करार होता. त्याचा अर्थ लावणं आयोगाचं काम.

आयोगानं असा निकाल दिला की दोन्ही बाजूंची तोंडं कडू झाली. चक्क्या राहतील, पण थवा आला की पाती थांबलीच पाहिजेत. थांबवा म्हणण्याचा अधिकार पलीकडच्या निरीक्षकाचा. मात्र सबंध तासभर पक्षी डोळ्यांना दिसला नाही, तर तो हुकूम आपोआप संपेल. हा एक हंगाम असा काढून बघा. यंदा एकही पाखरू पात्याला लागून मेलं तर सगळ्या चक्क्या उतरवायच्या.

"असल्या तडजोडी कागदावरच शोभतात," निरीक्षकांनी आल्या दिवशीच ऐकवलं. "मी थांबवा म्हणेन. थवा गेला, एवढं कळवेन. चालू करा हे शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत."

"नका म्हणू," कक्षाची प्रमुख म्हणाली. "चहा तरी घ्याल ना?"

या बाईला सगळं गाव ताई म्हणायचं. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. निरीक्षक तेवढे कटाक्षानं मॅडम म्हणत. गावात पूर्वी डिझेलची जनित्रं होती, दिवसातून निम्मा वेळ वीज, तीही धूर ओकत. ताई तेव्हा त्या जनित्रांवर कामाला होती. त्याच धुरानं आता तिच्या आईची फुप्फुसं थकली होती आणि घरी खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र रात्रंदिवस चालायचं. आई त्याचा मास्क तोंडावरून काढून आधी बोलून घ्यायची, मग पुन्हा लावायची. बोलणं सोडवत नव्हतं ना!

हंगामभर निरीक्षकांनी डोळ्यांत तेल घालून चूक शोधली. ती काही सापडेना. त्यांनी गॅलरीतून हात वर केला की आत ताईचा हात बटणावर असायचा. सगळी पाती एकामागून एक मंदावत उभी राहायची, गाव बॅटरीवर चालायचं, थवा निघून जायचा. ही बाई त्यांना अजून आवडत नव्हती, पण कामात खोट काढता येत नव्हती, आणि त्याचाच त्यांना जास्त वैताग यायचा.

हंगामाचा शेवटचा मोठा थवा आला तो भर दुपारी. खिंडीच्या तोंडाशी निरीक्षकांना तो स्वच्छ दिसला. त्यांनी हात वर केला, पाती थांबली. आणि तेवढ्यात खालच्या दरीतून धुकं चढलं. बघता बघता टेकडी, चक्क्या, आभाळ, सगळं गुडूप. पुढचा कठडासुद्धा दिसेना.

थवा पुढे गेला नव्हता. मागे फिरला की काय, कळायला मार्ग नव्हता. निरीक्षक दुर्बीण पुसत राहिले, घड्याळ बघत राहिले. आत फिटर बॅटरीचा आकडा वाचून दाखवत होता आणि तो आकडा दर वेळी खाली येत होता.

तास संपत आला, तसा त्यांचा फोन वाजला. त्यांच्या खात्याचे मोठे साहेब.

"दिसतायत का तुम्हाला?"

"नाही साहेब. पण ते इथंच घिरट्या घालत असणार. धुक्यात करकोचे पुढे जात नाहीत, खाली येऊन फिरत राहतात."

"असणार म्हणजे काय? नियम दिसण्याचा आहे. तास संपतोय. तुम्ही गप्प बसा. ते चालू करतील, व्हायचं ते होईल, आणि उद्या चक्क्या उतरतील. पुढच्या सगळ्या पिढ्यांची पाखरं वाचतील. एवढा एक थवा..." साहेबांनी पुढचं वाक्य गिळलं.

निरीक्षक कठडा धरून उभे राहिले. साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती! एवढ्यासाठीच तर ते आले होते. नुसतं गप्प बसायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ते पोतं आलं आणि तो निखळलेला पंख आला.

आतून ताई बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "तास झाला, साहेब. वारा चांगला आहे. नियमानं मला आता चालू करता येतं." ती थांबली. "बॅटरी संपत आलीय. घरी आईचं यंत्र आहे, दवाखान्यातही दोघं तसेच आहेत. तरी नियमाचं नाही विचारत. तुम्हाला पाखरं कळतात. खरं सांगा, आहेत का ती इथं?"

अहो, विचार करा! हा माणूस तिच्या चक्क्या उतरवायला आलेला. हंगामभर तिच्या हातचा चहासुद्धा त्यानं तोंड वाकडं करून घेतलेला. आणि ती त्यालाच विचारत होती, तो सांगेल ते खरं मानायला तयार होऊन. निरीक्षकांनी कठडा सोडला.

"मला दिसत नाहीत," ते म्हणाले. "शपथेवर सांगता येणार नाही. पण आहेत. या पात्यांच्या आजूबाजूलाच आहेत."

"बस्स," ताई म्हणाली आणि आत गेली.

तिनं आधी बर्फाच्या कारखान्याला फोन लावला. मग लाकडाच्या गिरणीला, धुलाईवाल्यांना, बेकरीला. "ताई बोलतेय. सगळं बंद करा. हो, आत्ता. वीज दवाखान्यासाठी आणि आजाऱ्यांच्या घरांसाठी ठेवायचीय. आणि पुढच्यालाही सांगा." कुणी का म्हणून विचारलं, तर ती म्हणायची, "वर पाखरं अडकलीत." बर्फवाला तिला तोंडभर शिव्या देत होता, त्या गॅलरीत ऐकू येत होत्या. शिव्या देत देतच त्यानं कारखाना बंद केला.

शेवटचा फोन घरी. आईनंच उचलला. "ही बया मला विचारते! शेजारच्या पोरांनी सिलिंडर आणून ठेवलाय, लावलासुद्धा. माझ्या यंत्राची वीज दवाखान्याला दे. तू तुझं काम कर," एवढं बोलून, धाप टाकून तिनं फोन ठेवला. सिलिंडर छोटा होता. किती पुरेल हे ताईला माहीत होतं. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि हात बटणापासून लांब, मांडीवर ठेवले.

आकड्याचं घसरणं मंदावलं.

बाहेर निरीक्षकांना आधी काय बदललं तेच कळेना. मग लक्षात आलं. गिरणीची किरकिर थांबली होती. बर्फाच्या कारखान्याची धडधड थांबली होती. दिवसभर खालून वर येत राहणारा गावाचा आवाज, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, तो एकेक करून पार विझला. आणि त्या शांततेत, डोक्यावर, इतक्या जवळ की त्यांनी मान खाली घातली, करकोच्याची हाक आली. मग दुसरी. मग डावीकडून, उजवीकडून, चक्क्यांच्या मधून, सगळीकडून.

"ताई!" ते ओरडले. आपण काय म्हणालो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "ऐका! ऐका!"

ताई आणि फिटर दारात येऊन उभे राहिले. फिटरनं तोंडावर हात ठेवला. पाती फिरत असती, तर काय झालं असतं, हे तिघांनाही कळत होतं.

वाऱ्यानं धुकं फाटायला लागलं, तेव्हा थवा दिसला. उभ्या पात्यांच्या मधून, लांब माना ताणून, पंखांमागून पंख, ते खिंडीतून खाली गावाकडे उतरत गेले. निरीक्षकांनी दुर्बीण डोळ्यांना लावलीच नाही. चष्म्यावरच पाणी आलं होतं, दुर्बिणीतून दिसणार काय?

फोन पुन्हा वाजला. मोठे साहेबच. "काय झालं? चालू केल्या का त्यांनी?"

"नाही. हक्क होता तरी नाही केल्या."

"तुम्ही त्यांना सांगितलंत?" साहेबांचा आवाज चढला. "अहो, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूचे?"

"पाखरांच्या," निरीक्षक म्हणाले. "ही बाईपण त्यांचीच निघाली, साहेब. आयोगापुढे मी असंच सांगणार आहे. मला परत बोलवायचं तर बोलवा." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वरिष्ठाचं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला.

आत ताईचा फोन वाजत होता. तो तिला उचलवेना. शेवटी फिटरनं उचलून तिच्या कानाला लावला.

"अगं," आईचा आवाज आला, थकलेला, तुटक, पण आला. "आपल्या घरावरून गेले बघ. खिडकीतून दिसले मला. केवढे गं ते! आता लाव तुझा पंखा. हा सिलिंडर संपत आलाय."

ताईचे हात बटणाकडे गेले आणि मध्येच थांबले. थवा गेला, हे निरीक्षकांनी कळवायचं होतं. तिनं दाराकडे बघितलं.

निरीक्षक दारातच उभे होते, चष्मा हातात घेऊन. थवा गेला, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं.

"चालू करा, ताई," ते म्हणाले. "लवकर. आई वाट बघतायत."