जंगलाचा पडदा

केशोरीचे उदाराम तीस वर्षं नाटक मंडळींसाठी पडदे रंगवत होते. आता पडदे छापून येतात, त्यामुळे त्यांचे उरलेले पडदे घरातच गुंडाळून पडलेले. त्यातला जंगलाचा पडदा शाळेतल्या पुष्पांजली मॅडमनी वर्गासाठी मागितला, तेव्हा ते स्वतःच सायकलवर घेऊन गेले.

मॅडमनी पडदा भिंतीवर टांगला आणि चौथीच्या मुलांना म्हणाल्या, "आधी नुसतं पाहा. मग काय वाटते ते सांगा. अन् काऊन वाटते, तेही."

मुलं बराच वेळ पाहत राहिली. उदाराम मागे बसले होते.

"मॅडम," सोनू उठला, "या झाडाची सावली इकडं पडली अन् त्या झाडाची तिकडं. दोन सूर्य हायेत का?"

घाईत झालेली ती चूक उदारामांना ठाऊक होती. आजवर कुणी बोललं नव्हतं.

"एक झाड सकाळचं हाय, दुसरं संध्याकाळचं," रुची म्हणाली.

"मंग चित्रात आता किती वाजले?" दुर्गेशने विचारलं.

"दोन्ही."

"एका वेळी दोन्ही कसं राहीन?"

रुची म्हणाली, "माह्या आजीचा लग्नातला फोटो हाय. त्यात थे तरणी हाय. घरी थे म्हातारी हाय. दोन्ही आजीच ना?"

"फोटोतली आता नाही," दुर्गेश म्हणाला.

"मंग थे गेली कुठी?"

वर्गात एकच गलका झाला. मॅडम मागे वळल्या. "बाबाजी, तुमाले काय वाटते?"

उदाराम उठले. "बाबू, थे माही चूक होती. मी घाई केली. पण रुचीनं सांगतलं थे मले कधी सुचलंच नाही. आता मी बी विचार करून राहिलो."

"मंग इकडं या, जवळून पाहा," सोनूने सरकून जागा दिली.

शाळा सुटल्यावर फाटकाशी उदारामांनी मॅडमना हात जोडले. "हजारो लोकायसमोर हा पडदा लागला. पण लोक नटाले पाहत. आज पोरायनं तासभर माहं काम पाह्यलं. मोठे उपकार झाले."

"माहे कायले? पोरायचे," मॅडम हसल्या.

आता दर शुक्रवारी उदाराम मुलांमध्ये सतरंजीवर बसतात. परवा मॅडमनी तलावाचं एक चित्र लावलं. प्रश्न विचारायच्या आधीच उदारामांनी हात वर केला होता.