अर्जुनाचे चित्र, पायांकडून वर

पाय

"थुकी?" सुलाबाई म्हणाली. "बापाच्या तोंडावर थुकनार तू?"

"थुकनार न्हाई गं आये. कापसाला लावून पुसनार."

"मंग थुकीच की ती!"

एकोणीसशे सेहेचाळीस साल. हंबीरराव लढाईवरून सुटून कृष्णाकाठच्या आपल्या गावी आला होता. इटलीत त्याने एका मोठ्या देवळात बघितले होते: एक म्हातारा काडीला कापूस गुंडाळून, जिभेवर फिरवून, काळे पडलेले चित्र पुसत होता आणि धुरातून निळा पदर बाहेर येत होता. हंबीररावाने खुणेने विचारले, बाटलीत कोणते औषध? म्हाताऱ्याने जीभ बाहेर काढून दाखवली.

घरात असेच एक काळे चित्र होते. त्याच्या बापाचे. बाप, म्हणजे अर्जुना, त्याआधीच्या, चौदा सालच्या लढाईत इराकात बसऱ्याकडे गेला आणि तिकडेच कामी आला. हंबीरराव तेव्हा पोटात होता. जाण्याआधी अर्जुनाने सांगलीत रंगाचे चित्र काढून घेतले, नक्षीच्या सोनेरी चौकटीत बसवले, आणि ते देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टांगले गेले. दिव्याची काजळी चित्रावर बसे. दसऱ्याला सुलाबाई त्यावर करडईचे तेल चोळी. एक दिवस चित्र लखलखे, मग त्या तेलावर वर्षाची काजळी नीट चिकटून बसे, आणि पुढच्या दसऱ्याला त्यावर पुन्हा तेल. असे करत करत चित्राचा तवा झाला होता.

हंबीररावाने बाप बघितलाच नव्हता. माणूस नाही आणि चित्रही नाही. काळोखात फक्त एक मिशी दिसे, दोन्ही टोकांना वर वळलेली, काळ्याहून काळी. त्याने स्वतः तश्शीच राखली होती. पलटणीत कोणी विचारले, तर सांगे, "बापाची हाय."

आता त्याला मिशीच्या वरचा आणि खालचा बाप हवा होता.

"त्या इटलीवाल्यांच्यातल्या देवांना उष्टं चालत आसंल," सुलाबाई म्हणाली. "आपल्यात न्हाई चालत."

हंबीररावाची बायको मनुबाई पोरीला मांडीवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "आवं, पायांपास्नं सुरू करा की. पायाला काय झालं, तर पाय धुता तरी येतील."

यावर सासूने नाक मुरडले, पण वाट अडवली नाही. म्हणून बाप पायांकडून वर यायला लागला.

चौकट, डावी बाजू

चौकटीवर द्राक्षांचे घोस होते. द्राक्षे या घरात कोणी खाल्ली नव्हती, पण उंदरांना ती ओळखता आली. डाव्या बाजूचे दोन घोस त्यांनी लाकडापर्यंत खाल्ले होते.

हंबीररावाने मनुबाईकडे कणीक मागितली. धड राहिलेल्या घोसावर कणकेचा गोळा दाबायचा, ठसा घ्यायचा, ठशात खडूची भुकटी आणि सरस ओतायचा.

"गव्हाची?" मनुबाईने विचारले. गहू त्या दिवसांत रेशनावर, चिमूटभर मिळे. "जोंधळ्याचं पीठ देती."

जोंधळ्याच्या पिठात द्राक्षे उठेनात. भाकरीला जशी चीर जाते, तशी घोसाला गेली. शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेली कणीक निघाली.

"तुमचा बाप चपात्या खाऊन बसला," मनुबाई म्हणाली.

चौकट, उजवी बाजू

धड होती.

गुडघे, मांड्या, हात

शेजारचा केरबा रोज यायचा. तोही लढाईवरून आलेला, पण त्याने इटलीत देवळे बघितली नव्हती. तो सांगायचा त्यावरून त्याने फक्त कोंबड्या बघितल्या असाव्यात.

"गड्या, तोंड कोरडं पडलं का रं तुझं? पलटण बोलावू का थुकाय?"

"गप बस. बूट बघ."

केरबाने वाकून बघितले. काळे, टोकदार, आरशासारखे बूट. "ह्ये पलटणीचं बूट न्हाईत, हंबीरराव. ह्ये कुना राजाचं हायेत."

बुटांवर पांढरी तलम विजार आली. विजारीवर जरीचा लांब कोट. कोटाच्या खिशातून सोन्याची साखळी. मागे संगमरवरी पायऱ्या. खुर्चीच्या हातावर अंगठीचा हात, आणि त्या हातात जाडजूड पुस्तक, बोट मध्ये घालून मिटलेले, म्हणजे वाचणारा मध्येच उठवला असावा.

"आये," हंबीरराव म्हणाला, "आपलं आबा शिपाई हुते ना गं?"

"शिपाईच. अंगठा उठवायचे."

"मग ह्ये पुस्तक?"

सुलाबाई रागात होती, तरी तिला हसू आले. "आरं, ती चित्रकाराची तयार अंगं! पावसाळ्यात काम नसलं की नुसती अंगं रंगवून भिंतीला लावून ठिवायचा. एक घोड्यावर बसल्यालं. एक वाघावर पाय ठिवल्यालं. समदी बिनमुंडक्याची. गिऱ्हाईक आलं, की पसंत करायचं आन् तोंड तेवढं बसून काडून घ्यायचं."

"आन् आबांनी पुस्तकवालं पसंत केलं?"

"बूट बघून. घोड्यावाल्याचं बूट रिकिबीत झाकलं हुतं."

केरबा इतका हसला, की त्याला उंबऱ्यावर बसावे लागले. "म्हंजी पोरा, आठवडाभर थुकतुयास ते परक्याच्या विजारीवर!"

हंबीररावालाही हसू आले. पण थोडेच. इतके पुसून झाले आणि बापाचा अजून एक बोटभरही तुकडा हाती आला नव्हता. बाप असलाच तर कॉलरच्या वर होता.

गळा

कॉलरच्या वर मानेचा रंग बदलला. खालचा कोट गुळगुळीत होता, मान घाईघाईत काढलेली, जाड रंगाची, सावळी. हंबीररावाने नवा कापूस गुंडाळला.

"बास," सुलाबाई म्हणाली. "हितनं वर जायाचं न्हाई."

"तुळशीचं पान चावून लावतो."

"न्हाई."

"गंगेच्या पान्यानं चूळ भरतो."

"भर. आन् गीळ."

"आये, मी तीस वर्सांचा झालो. माज्या बापाचं तोंड मला ठावं न्हाई."

सुलाबाई उठली आणि चित्रावर लुगडे टाकून परड्यात निघून गेली.

चौकट, वरची बाजू

हंबीररावाने चौकट करायला घेतली, कारण तिच्यावर थुंकायचे नव्हते.

सोन्याचा वर्ख आणायची ऐपत नव्हती. मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख त्याने सांगलीच्या पेठेतून आणला, श्वास रोखून नव्या घोसांवर बसवला, मग स्पिरिटमध्ये विरघळलेल्या लाखेत घरची हळद कालवून तिचा हात वरून फिरवला. चांदी पिवळी झाली. दुपारच्या उन्हात तर जुन्या सोन्याहून जुनी दिसायला लागली. मनुबाई बांगड्यांचा हात पुढे करून म्हणाली, "ह्यांवर उरलेलं लावा."

तो हसला नाही. चौकट तयार आणि आत लुगडे टाकलेले चित्र, असे ते भिंतीशी उभे होते.

तेवढ्यात पोर गूळ खाऊन आली. सुलाबाईने तिला ओढले, पदराचे टोक जिभेवर ओले केले आणि पोरीचे तोंड खसाखसा पुसले. सगळ्या आया पुसतात तसे. मनुबाई बघत राहिली.

"आत्याबाई, ह्ये काय लावलं पोरीच्या तोंडाला?"

सुलाबाईचा हात थांबला.

"थुकीच की ती," मनुबाई म्हणाली. "तुमाला थुकीचं काय न्हाई. तुमचं दुसरंच कायतरी हाय."

सून सासूला असे बोलत नाही. हंबीरराव लाखेची वाटी धरून तसाच बसला. सुलाबाई पोरीकडे बघत होती, मग सुनेकडे, आणि मग, पहिल्यांदाच, मुलाच्या ओठांवरच्या त्या दोन्ही टोकांना वळलेल्या मिशीकडे.

"हंबीरा," ती म्हणाली, "ती मिशी त्येंची न्हाई. माजी हाय."

"आँ?"

"तुला मिसरूड फुटलं तवा तोंड काजळीत बुडालंच हुतं, पर तेल चोळताना मला आतलं वळखू यायचं. बाप बिनमिशीचा आन् ल्योक मिशीवाला. बापच धाकटा दिसाय लागला. लोक काय म्हनतील? मंग दसऱ्याला तेल चोळलं आन् काजळाचं बोट फिरवलं. फुडं दर दसऱ्याला. तू मोटा हुत गेलास, तशी म्याबी वाढवत गेले."

हंबीररावाचा हात आपोआप ओठांवर गेला. पलटणभर मिरवलेली, सुभेदाराने वाखाणलेली ती मिशी आईने बोटाने काढलेली होती.

"पुसशील आन् ती जाईल," सुलाबाई म्हणाली. "मंग तुला बाप न्हाई दिसायचा. पोरगं दिसंल."

"दिसू दे," हंबीरराव म्हणाला. "कोन का असंना. दिसू दे."

तोंड

सुलाबाईने लुगडे काढले. हंबीररावाने कापूस पुढे केला, तो तिने घेतला नाही. पदराचे टोक जिभेला लावले आणि पोरीची धरावी तशी चित्राची हनुवटी डाव्या हाताने धरली.

ज्याला तिने जन्मभर 'अहो'च म्हटले, त्याला ती म्हणाली, "हलू नगंस."

आधी काजळ पसरले आणि अर्जुनाचे तोंड चुलीत घातल्यासारखे झाले. मनुबाईने डोळे मिटले. मग पदराचे दुसरे टोक, मग लुगड्याची कड, मग मनुबाईचा पदर. मिशीचे एक टोक गेले. थोडा वेळ अर्जुना अर्ध्या मिशीचा होता. मग तीही गेली.

वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. गुळगुळीत ओठ. कान जरा मोठे. राजाच्या कोटातून असा वर आलेला, की कोट मागायला कोणी येईल म्हणून घाबरला असावा असे वाटे. पण घाबरलेला नव्हता. ओठ दाबून हसू आवरत होता, आणि समोर बघत नव्हता. खाली, डावीकडे बघत होता.

हंबीररावाने त्याच बाजूला मान वळवून बघितले. मग त्याने विचारले, "कुटं बघत्यात गं ह्ये?"

"चित्रकार वराडून दमला, म्होरं बघ म्हनून," सुलाबाई म्हणाली. "ऐकलं तर शपथ! म्या तिकडं खाली बसले हुते, कोपऱ्यात. तोंडात पदर कोंबून. त्येंचं ते बिनमुंडक्याच्या रांगंम्होरं बसनं बघून मला हसू आवरंना."

हंबीरराव उठला. पोरगा जिकडे बघत होता, त्या जागी भिंतीशी जाऊन खाली बसला. मान जरा तिरकी केली. नजर बरोबर जुळली. तो तसाच बसून राहिला, तीस वर्षांचा, मिशीवाला. आणि एकवीस वर्षांचा बाप त्याच्याकडे बघून हसू दाबत होता.

सुलाबाई त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. "सरक तितनं. माजी जागा हाय ती."

"मीबी हुतो की हितंच, आये. तुज्या पोटात."

"हुतास," सुलाबाई खाली बसत म्हणाली. "पर म्या त्येस्नी आजून सांगितलं नव्हतं. सरक."