गोरं दाखवणारा कॅमेरा

राळेगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. दोन कंपन्यांचे दोन जुने डीएसएलआर, दोन्ही त्या वेळचे सगळ्यात स्वस्त. सेटिंगला मी हात लावत नाही. खोक्यातून निघाले तसेच चालवतो. पहिला चेहरा उजळ, गुळगुळीत करतो. दुसरा जे आहे ते दाखवतो, म्हणून गिऱ्हाईक त्याच्या फोटोंना नाकं मुरडतं. लोकांना फोटो नको असतो, गोरेपणा हवा असतो. मला याची भारी चीड आहे.

समीक्षाच्या डोहाळजेवणाला मी दोन्ही कॅमेरे नेले होते. तिची आई इंदुताई फोटो निवडायला आली, तेव्हा दोन्हींतले फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. एकात पोरगी लोण्यासारखी. दुसऱ्यात कानाखाली, गालावर काळपट डाग.

"हे काय बा?"

"डाग कॅमेऱ्याचा नाही, ताई. गालावरच हाये."

"पोटुशी बाईले वांग येतेच. पन सासरचे नावं ठेवतीन. काळे समदे मिटव, माह्यासमोर."

नको म्हटलेले फोटो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मिटवायचे, अशी आमच्याकडे रीतच आहे. मी मिटवले.

पुढच्याच महिन्यात समीक्षा सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले.

काल इंदुताई आली. बस म्हटलं तरी उभीच.

"गोविंदाभाऊ, ते काळे फोटो दे. वांग नव्हतं ते. जवाई मारे तिले, शेजारीन सांगून राह्यली. ठानेदार पुरावा मांगते."

"तुमच्यासमोरच मिटवले, ताई. त्या कॅमेऱ्याच्या कार्डावर मंग किती लग्नं काढली, आता ते वापस नाही येत."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. ती मटकन खाली बसली. म्हणाली, "मंग गोऱ्या फोटोलेच काळं कर. कम्प्युटरवर होते ना?"

मी फोटो काळा केला. आणखी केला. डोळे बुजले, फुलांचे दागिने काळवंडले. गाल मात्र स्वच्छच राहिला.

"डाग नाही येत, ताई. यात तो उतरलाच नाही."

"मंग तू काढ."

"माह्या हातचा डाग कोन खरा मानन?"

तिने माझं बोट धरलं आणि स्क्रीनवर पोरीच्या कानाखाली टेकवलं.

"इथं होता," ती म्हणाली. "मीच त पाह्यला होता."