वेंडेलच्या बिजागऱ्या

"ही पाटी आतून लावायची की बाहेरून?" वेंडेलने विचारलं.

"बाहेरून, आजोबा. घरात ऑक्सिजन आहे, काही पेटवायचं नाही, हे येणाऱ्याला कळायला नको?"

"आजोबा कुणाला म्हणतेस? मला पोरंच नाहीत. आणि येणारं आहे कोण? ही एवढी एक."

ही म्हणजे मी. व्हर्ना, त्याची धाकटी बहीण. रस्त्याच्या पलीकडचं हिरव्या दाराचं घर माझं. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, त्यामुळे हट्टी माणसांची मला सवय आहे. पण माझा भाऊ म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ न सोडणारा. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो समोर धरून "आता यंत्राशिवाय चालणार नाही" असं सांगितलं, तेव्हा या गृहस्थाने त्यांना खिडकीची बिजागरी सैल झाल्याचं दाखवलं होतं.

ऑक्सिजनच्या कंपनीतून आलेल्या त्या मुलीचं नाव ट्रेसी. तिने यंत्र कोचाशेजारी ठेवलं, नळी मोरीपर्यंत पुरते का ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकताच जागीच थबकली. शनिवार होता. टेबलावर टॉवेल पसरलेला, त्यावर सदतीस लायटर पोट उघडून पडलेले, आणि मध्ये पेट्रोलचा डबा.

"हे काय आहे?"

"माझी माणसं," वेंडेल म्हणाला.

"हे आणि यंत्र एका घरात राहणार नाहीत, सांगून ठेवते. हे बाहेर गेल्याशिवाय मी बटण दाबणार नाही."

"मग यंत्र ने परत. वजन आहे, पाठ सांभाळ."

ती बिचारी यंत्र तसंच बंद ठेवून, मला खुणेने बाहेर बोलावून गेली. "मावशी, यंत्राशिवाय चार दिवस फार तर," ती गाडीपाशी म्हणाली. "त्यांच्या नखांचा रंग पाहिलात ना?"

पाहिला होता.

आमच्या गावात लायटरचा कारखाना आहे. अर्धं गाव त्यातच कामाला होतं. वेंडेल चौतीस वर्षं दुरुस्ती खात्यात होता आणि चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं, बिजागऱ्या बसवण्याचं. देशभरातून टपालाने लायटर यायचे. कुणाचा ट्रॅक्टरखाली चेपलेला, कुणाचा कुत्र्याने चावलेला. तो जुनी बिजागरी काढायचा, नवी जोडायचा, झाकण दोनदा वाजवून बघायचा आणि डबीत घालून पाठवून द्यायचा. लायटर कुणाचा, कुठला, हे त्याच्यापर्यंत येतच नसे. सोबत आलेल्या चिठ्ठ्या वरच्या मजल्यावर राहायच्या.

निवृत्त झाल्यावर तो जुन्या बाजारांतून आणि मेलेल्यांच्या घरच्या सामानाच्या विक्रीतून हिंडायला लागला. माझ्याच गाडीतून, माझ्याच पेट्रोलवर. पार ओहायो राज्यापर्यंत जायचो. इतर शौकीन दुर्मीळ नग शोधायचे, पितळेचे, लढाईतले. हा मात्र काचेच्या पेटीवर वाकून फक्त बिजागऱ्या बघायचा. मग एखादा फुटकळ, पोचे पडलेला लायटर उचलायचा, झाकण कानाशी वाजवायचा आणि म्हणायचा, "हा माझा आहे." आपल्या हातचा जोड त्याला ओळखू यायचा, आई आपल्या हातची शिवण ओळखते तसं. दुकानदार हसायचे. मीही हसायचे.

असे सदतीस परत आले त्याच्याकडे. आणि दर शनिवारी दुपारी तो ते भरायचा. लायटरचं पेट्रोल आठवड्यात उडून जातं, वापरा की न वापरा. भरता भरता त्याची तंद्री लागायची. "हा टोलेडोचा," तो म्हणायचा. "ट्रक चालवतो. डाव्या खिशात ठेवतो, बघ, या बाजूने घासलाय. बायको रागावते, म्हणून अंगणात जाऊन पेटवतो." कुठलं टोलेडो आणि कुठली बायको! सगळं याच्या मनातलं. पण खिडकीतून पिवळं ऊन टॉवेलवर पडलेलं असायचं, त्याचा आवाज संथ व्हायचा आणि मला क्षणभर खरंच तो अंगणातला माणूस दिसायचा. मग मी स्वतःवरच चिडून भांडी घासायला उठायचे.

चिडायला मला कारण होतं. माझा नवरा अर्ल सिगरेटींनी गेला. त्याला पुरून आले त्याच संध्याकाळी मी त्याचा लायटर पुलावरून नदीत भिरकावला.

तिसऱ्या दिवशी वेंडेलला बटाट्याचं सूप संपवायला तास लागला. दोन घास की थांबायचा.

"कोरडे करून ठेव ना," मी म्हटलं. "पेट्रोल काढ, ठिणगीचे खडे काढ, आतला कापूस काढ. राहू देत कपाटात. ट्रेसीला मी सांगते."

"कोरडा लायटर... आणि खिळ्यांचा डबा... फरक काय?"

"मर मग! त्या पत्र्यांसाठी मर! एकाला या हातांनी पोचवलंय, तुलाही पोचवते!"

त्याने चमचा वाडग्यात ठेवला. मग म्हणाला, "अर्लच्या लायटरची बिजागरी... मी तीनदा बदलली होती. तू फेकलास. मी काही बोललो नाही."

मी वाडगा धुतला. परत आले तेव्हा त्याने टॉवेलची चारी टोकं गोळा करून गाठोडं बांधलं होतं.

"घेऊन जा तुझ्याकडे," तो म्हणाला. "पण शनिवारी भरायचे. भरून एकेक पेटवायचा. मला दिसेल असा."

"मी? मी पेटवू?"

"दुसरं आहे कोण?"

पहिल्या शनिवारी मी एवढं पेट्रोल ओतलं की खिशात ठेवलेला लायटर गळून माझ्या मांडीवर चटका उठला. फोन कानाशी धरून मी ओसरीत उभी होते आणि समोरच्या खिडकीत नाकाला नळी लावलेला वेंडेल मला शिकवत होता.

"कापूस भिजला की थांबायचं, बये. बस धुवायची नाहीये."

"बसला निदान किल्ली तरी असते!"

"चाक फिरव. घाबरतेस काय? अगं, अंगठ्याने! हां."

ज्योत उभी राहिली. मी हात उंच केला. पलीकडे त्याने मान हलवली आणि म्हणाला, "टोलेडो."

सगळा हिवाळा असाच गेला. मी झाकण फोनजवळ उघडायचे आणि तो आवाजावरून सांगायचा, हा बफेलो शहरातला न्हावी, ही नर्स, हा कुणालाच पत्र न लिहिणारा. हळूहळू ती माणसं माझ्याही ओसरीत येऊन बसायला लागली. नर्सच्या टोपीवर बर्फ पडायचा. ट्रकवाला अर्लशी बोलायचा, दोघे पाठमोरे, आणि मला त्यांचा राग यायचा नाही. शनिवारची दुपार लांबत जायची. अंगठा काळा व्हायचा, आणि मी मनाशी कबूल करते, मी शुक्रवारपासूनच वाट बघायला लागायचे.

मार्चमध्ये दोन दिवस सलग बर्फ पडला. रस्ते बंद, दुकानं बंद. शनिवारी डबा हलवून पाहिला तर आत एक थेंब नाही. मागचा आठवडाभर वेंडेल अंथरुणातून फारसा उठला नव्हता. पण फोन बरोबर दोन वाजता वाजला.

"खुर्ची खिडकीशी ओढलीय. ट्रेसी बर्फामुळे इथंच अडकलीय, तिने बसवलं. चल."

पेट्रोल संपलं असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी गाठोडं घेऊन ओसरीत गेले. बर्फ एवढा दाट की त्याची खिडकी म्हणजे नुसता करडा चौकोन. म्हटलं, त्याला तरी काय दिसणार आहे! मी झाकण उघडलं, कोरडं चाक फिरवलं, रिकामा हात उंच केला.

"टोलेडो," तो म्हणाला. आवाज लांबून आल्यासारखा. "पेटला. पुढचा."

दुसरा. "पेटला."

तिसरी नर्स. चौथा. मी चाक फिरवत होते, हात वर करत होते, आणि तो थांबून थांबून, श्वास गोळा करून म्हणत होता, पेटला, पेटला. अकराव्याला माझ्याने राहवलं नाही. सख्ख्या भावाला फसवतेय, तेही अशा दिवसांत. रडूच फुटलं मला.

"वेंडेल, पेट्रोल नाहीये रे. एकही पेटत नाहीये. मी खोटंच हात वर करतेय."

फोनमध्ये यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"माहितीये," तो म्हणाला. "पहिल्यापासून ऐकतोय. चाक कोरडं वाजतंय."

"मग पेटला पेटला काय म्हणतोस?"

"तू एवढ्या थंडीत... उभी आहेस ना." मग श्वास सावरून म्हणाला, "पुढचा घे, व्हर्ना. सव्वीस राहिलेत."

मी बाहीने डोळे पुसले, बाराव्याचं झाकण फोनजवळ उघडलं आणि हात जेवढा वर जाईल तेवढा वर केला.