पंपाच्या पट्ट्यावरची डबी

मित्रांनो, खुंटीवर लटकलेली ही कोपरे झिजलेली डबी दिसते ना, तीच मी. म्हातारी झाले खरी, पण चौकसपणा काही गेला नाही.

तेव्हा फुलसावंगीच्या आमच्या शिवारात मोबाईलची रेंज नव्हती. बोंडअळीने कपाशी पोखरली होती. माणसं दिवसदिवस फवारणी करत आणि औषध अंगात भिनून बांधावरच कोसळत. म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या उर्वशीने आम्हा अकरा डब्यांना घडवलं. टॉवर नाही, तार नाही! शेतात कुणाला त्रास झाला आणि त्याने लाल बटण दाबलं, की जवळच्या डबीने निरोप झेलायचा, पुढचीला द्यायचा, असा थेट गावातल्या घरापर्यंत. माणसं हिंडत तशी आमची वाट रोज बदले. आज शेजारी कोण, हे शोधण्यात मला भारी मौज वाटे.

पण भरवसा कुणावर ठेवायचा? त्यासाठी घरच्या डबीवर एक काळं बटण होतं. निरोप खोटा निघाला की ते दाबायचं. तीनदा दाबलं गेलं, की त्या डबीचा निरोप पुढे कुणी न्यायचा नाही. मी उकंडा नावाच्या शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपाला बांधलेली, म्हणून माझं नाव ‘उकंडा’. पट्टा घासून माझं लाल बटण दोनदा आपोआप दाबलं गेलं, आणि दोन्ही वेळा त्याची बायको नलू धापा टाकत शेतात आली.

“लबाड हाय ही डबी!” ती म्हणाली, आणि दोन्ही वेळा घरी जाऊन तिने काळं बटण दाबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता आमच्याकडे पंप कधी एकाच्या पाठीवर राहतो होय? एके दुपारी तो शेजारच्या शेतातल्या लालसिंगने मागून नेला, सोबत मीही गेले. नाल्याकाठी फवारताना त्याला दरदरून घाम फुटला. त्याने कसंबसं बटण दाबलं. मी जिवाच्या आकांताने हाक दिली, “उकंडा पडला, नाल्याकाठी!”

पुढचं मला नलूनेच सांगितलं. हाक पोहोचली तेव्हा उकंडा तिच्यासमोर चहा पीत होता.

“पाह्य, पुन्हा खोटं बोलून राह्यली,” तो हसला. “मी तं इथंच हावो.”

नलूचं बोट काळ्या बटणावर गेलं आणि थांबलं.

“अवो, पंप कोनाजवळ हाय आज?”

उकंडा चहा टाकून नाल्याकडे धावला.

चार दिवसांनी लालसिंग दवाखान्यातून आपल्या पायांनी घरी आला. त्याची आई लालीबाई माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, “इनं नाव चुकीचं सांगतलं, पन हाक खरी होती.” तेव्हापासून उर्वशीने आम्हाला पंपावरून काढून माणसांच्या गळ्यात घातलं.

मित्रांनो, आता टॉवर आला, मला कुणी विचारत नाही. त्याचं वाईट वाटतं, पण चालायचंच. फक्त कुणाची हाक खोटी ठरवण्याआधी एवढं विचारत जा: आज पंप कुणाच्या पाठीवर आहे?